डावीकडे झुकणारं बाईस

बाबा, भांडण अर्धं टाकून उठून जायची तुमची सवय जुनी. "तुले काही समजत नाही वं अश्विनी," असं म्हणायचं, हातातला स्क्रूड्रायव्हर माझ्या कीबोर्डवर ठेवायचा आणि तरातरा गच्चीवर निघून जायचं. मी इकडे फुरंगटून बसायची. चहाच्या वेळी तुम्ही जिना उतरून यायचात आणि जिथे वाक्य तोडलं होतं तिथूनच पुढचं सुरू करायचात. या वेळी मात्र दुपारी जेवून आडवे झालात आणि चहाला उठलाच नाहीत. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, तुमचा नितीन ऑफिसला जायला लागला. आपलं भांडण तेवढं राहिलं. ते कुठवर आलं, हे सांगायला आज बसले आहे.

भेटायला येणारे लोक विचारतात, "सासरे हवाई दलात होते नं?" मी हो म्हणते आणि पाण्याचा ग्लास पुढे करते. याच्यापुढे काय सांगू? प्रताप नगरातल्या या घराच्या मागच्या खोलीत सून आणि सासरा मिळून एक लढाऊ विमान बनवत होते, हे सांत्वनाला आलेल्या माणसाच्या गळी कसं उतरवायचं? एका मावशींना आईंनी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "दुःखात माणूस काहीबाही बोलते." आईंना इतकं हसू आलं की त्यांना पदर तोंडाला लावून आत जावं लागलं. मावशींना वाटलं, रडायला गेल्या.

खरं सांगू का बाबा, लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला तुमची भीती वाटायची. तुम्ही रागीट होता म्हणून नाही. तुम्ही काही बोलायचाच नाहीत. पहिली कित्येक वर्षं आपल्यात "पेपर आला काय" आणि "नळ आले काय" याच्यापलीकडे संभाषण झालं नाही. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढते, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही फायटर विमानांचा सांगाडा दुरुस्त करणारे फिटर होता, हे मला ठाऊक होतं. दोघांनाही एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं कारण नव्हतं. तुम्ही पेपर वाचायचात, मी डबा भरायची, दोघं आपापल्या वाटेने जायचो.

मग नितीनने कॉम्प्युटरवर तो विमानाचा खेळ आणला. खेळ म्हटलेलं तुम्हाला पुढे चालेना, म्हणून सिम्युलेटर म्हणते. घरबसल्या विमान उडवायचं. पण वजन, वारा, इंजिनाचा जोर सगळं खऱ्यासारखं. त्यात जगभरातले हौशी लोक जुनी विमानं हुबेहूब तयार करून टाकतात आणि बाकीचे ती उडवतात. एका संध्याकाळी नितीनच्या पडद्यावर कुणीतरी बनवलेलं नॅट आलं, हवाई दलात तुम्ही दुरुस्त करायचात ते चिमुकलं लढाऊ विमान. तुम्ही त्याच्या मागे चष्मा कपाळावर ढकलून उभे होता.

"हे काय आहे?"

"नॅट आहे बाबा. तुमचंच."

"हे नॅट नाही. हे बदक आहे."

आणि तडक स्वयंपाकघरात आलात. माझे हात कणकेत होते. "अश्विनी, तू घराचे नकाशे काढते नं? चारही आंगानं?"

"हो."

"मंग विमान काहून नाही जमत?"

"विमानाला पाया नसतो बाबा."

"म्हणून तर सोपं आहे," तुम्ही म्हणालात. तुम्ही माझ्याशी केलेली ही पहिली थट्टा. मला पोळी लाटायचं सुचेना.

सोपं कसलं डोंबलाचं! पुढची काही वर्षं तुम्ही माझ्या रविवारांचा पार भुगा केलात. चौकात चौथऱ्यावर शोभेला ठेवलेलं जुनं नॅट मोजायला आपण माझ्या स्कूटीवर गेलो होतो, आठवतं? तुम्ही मागे बसून टेप हातात भाल्यासारखा उभा धरलेला. चौथऱ्यावर चढलात ते चढलात, पण विमानावरचा तो ऑइलपेंटचा जाड थर पाहून तुमचा असा संताप झाला की मोजणं राहिलं बाजूला आणि तुम्ही नखाने रंग खरवडत बसलात. वाहतूक पोलीस आला. "काय करून राहिले काका?" त्याने विचारलं. तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, "याले श्वास घेता येऊन नाही राहिला." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझे सासरे आहेत, विमानाचं माप घ्यायचंय." त्याने थोडा वेळ विचार केला आणि टेपचं दुसरं टोक धरलं.

तुमची आठवण पक्की आहे, असा तुमचा मोठा दावा. ती पक्की नव्हतीच बाबा. आता तुम्ही गच्चीवर जाऊ शकत नाही, तेव्हा ऐकून घ्या. चाकं खाली घेण्याचा दांडा उजव्या हाताला असतो म्हणून तुम्ही अडून बसलात. मी फोटो काढून दाखवला, दांडा डावीकडे. तुम्ही फोटो उलटा छापलाय म्हणालात. मी त्याच फोटोतली अक्षरं दाखवली, सरळ होती. मग तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलंत की त्या फोटोतलं विमानच चुकीचं आहे. विनम्रता हा शब्द तुमच्यासाठी बनलाच नव्हता. मला तुम्ही त्यामुळेच आवडायला लागलात. मला रेघ एका केसाने हललेली चालत नाही आणि तुम्हाला हार चालत नाही, अशी ती जोडी जमली.

पण कधी कधी तुम्ही असं काही सांगायचात, जे कुठल्या फोटोत नसायचं. नॅटला वेगळे हवेतले ब्रेक नाहीत, चाकं अर्धी बाहेर काढली की तीच ब्रेकचं काम करतात, हे मी वाचलं होतं. ते गणितात बसवूनही विमान नीट थांबल्यासारखं वाटेना. तुम्ही म्हणालात, "अवं, बैलगाडी उतरणीले लागली का बैल कसा मागच्या पायावर बसते? तसं बसलं पाहिजे. तू तं त्याले भिंतीवर आपटून राहिली." तुम्ही कुहीकडच्या खेड्यातले, धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, उतरणीच्या वाटेने गाडी हाकलेले. मी शहरात वाढलेली, बैल उतरणीला कसा बसतो ते मला काय माहीत. तुम्ही खोलीच्या मधोमध गुडघे वाकवून, पाठ मागे टाकून बैल झालात. आई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय करून राहिले जी हे? कंबर धरली तं मी नाही चोळून देणार." मी वेगाचा आकडा हळूहळू उतरवत गेले. तुम्ही वाकूनच पडद्याकडे बघत होता. "हां," म्हणालात, "आता बसला." कंबर धरलीच, आणि चोळून आईंनीच दिली.

आवाजाची गंमत तर मी सगळ्यांना सांगते. उन्हाळा होता. तुम्ही डोळे मिटून इंजिन ऐकत होता आणि मान हलवत होता. "बरोबर नाही. खालून एक घरघर येऊन राहिली. ते कूलर बंद कर बरं." बाबा, कूलर बंदच होता. ती घरघर माझ्या इंजिनाची होती. मी मुकाट्याने उठून कूलरपाशी गेले, बटणाला हात लावल्यासारखं केलं आणि परत आले. तुम्ही पुन्हा ऐकलंत. "हां, आता जमलं!" हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात ती घरघर गुपचूप काढून टाकली, त्यामुळे हिशेब बरोबर आहे.

या सगळ्यात एक साधी गोष्ट मला फार उशिरा कळली. नॅटमध्ये सीट एकच. तुम्ही इतकी वर्षं त्या विमानाचे पंख घट्ट केले, चाकं तपासली, त्याच्या पोटाखाली आडवे पडून हात काळे केले, आणि ते दरवेळी दुसऱ्याच कुणाला घेऊन उडालं. तुम्ही धावपट्टीच्या कडेला उभे. मी एकदा विचारलं, "वाईट वाटायचं का?" तुम्ही म्हणालात, "वाईट काय? ते वापस आलं म्हणजे झालं." थोड्या वेळाने म्हणालात, "पण एक डाव उडून पाहाचं होतं."

म्हणून आपलं विमान उडायला तयार झालं तेव्हा पहिली पाळी तुमची. बाजारातली जॉयस्टिक तुम्हाला पसंत नव्हती, "हा काय चमचा आहे का?" म्हणून तुम्ही स्वतःची बनवली होती. लोखंडी नळी, दोन गुडघ्यांच्या मधे उभी राहणारी, दोन्ही बाजूंना स्प्रिंगा. नितीनने तिला कॉम्प्युटरशी जोडून दिलं. तुम्ही आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंगच्या खुर्चीवर बसलात. नागपूरच्या धावपट्टीवरून उडालात. रामटेकच्या गडापर्यंत नीट गेलात, वळलात आणि कुहीच्या दिशेने खाली यायला लागलात. "धानाच्या बांध्या कुठी आहेत वं?" सिम्युलेटरमध्ये नुसता हिरवा रंग होता. तुम्ही बांध्या शोधत खाली, आणखी खाली आलात, आणि विमान शेतात गेलं.

पडदा काळा झाला. तुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तुम्ही हसत होता. "पाहिलं काय?" तुम्ही आईंना विचारलंत.

"पाहिलं," आई म्हणाल्या. "पडले तुम्ही."

"पण उडालो होतो."

आईंनी तुमच्या शर्टाची कॉलर सरळ केली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस पुसत बसले. त्या दिवशी मला जे वाटलं ते तुम्हाला सांगायला हवं होतं. मी फक्त "पुढच्या वेळी उंची बघत जा" असं म्हणाले.

आता भांडणाकडे येते. आपल्या विमानाच्या शेपटीवर जो नंबर मी रंगवला, तो तुम्हीच दिलेला. शेवटचे दोन आकडे बावीस, म्हणून तुमच्या तळावर सगळे त्याला "बाईस" म्हणायचे. तुमच्याकडे होतं ते हेच. तिवारी साहेब ते उडवायचे आणि खाली उतरले की टोपी काढता काढता म्हणायचे, "भोयर, तेरा बाईस फिर लेफ्ट जा रहा है." कधीतरी ते फार जोरात उतरवलं गेलं होतं, तेव्हापासून त्याचा डावा पंख हवेत जरासा खाली राहायचा. तुम्ही सगळे उपाय केलेत. पंखाचे जोड उघडलेत, मोजलेत, परत बसवलेत. जमिनीवर मापात चोख आणि हवेत डावीकडे. शेवटी वैमानिकच उडवताना हात थोडा उजवीकडे ठेवायचे आणि काम भागायचं.

तुम्हाला ते झुकणं आपल्या विमानात हवं होतं. मला नको होतं. माझं म्हणणं साधं होतं. आपण नॅट बनवतोय, जगभरातले लोक उडवणार आहेत, ते पुस्तकात दिल्याप्रमाणे उडालं पाहिजे. एका विमानाची खोड सगळ्या नॅटांच्या माथी का मारायची? तुम्ही म्हणालात, "मले सगळे नॅट नाही मालूम. मले बाईस मालूम आहे."

"बाबा, अचूक म्हणजे सरासरी असते."

"असं? तू या घरात सरासरी सून म्हणून आली काय?"

मी कीबोर्ड बडवत बसले, तुम्ही गच्चीवर गेलात. पण माझ्या हातात माउस होता, त्यामुळे विमान सरळ राहिलं. निदान मला तसं वाटत होतं.

आपण ते तपासायला पाच-सहा जणांना पाठवलं. एक पोलंडचा, एक ब्राझीलचा, एक पुण्याचा, आणखी दोन-तीन. सगळ्यांनी कौतुक केलं. पुण्याच्या माणसाने कौतुकाआधी चुकांचं लांबलचक पत्रक पाठवलं. आणि सगळ्यांनी एक गोष्ट लिहिली: विमान डावीकडे झुकतं. मी चक्रावले. आपल्या घरी तर ते बाणासारखं सरळ जात होतं! दोन दिवस मी गणित उलटंपालटं केलं. शेवटी नितीनने त्याची जुनी जॉयस्टिक लावली आणि विमान लगेच डाव्या अंगाला कललं. मग मी तुमची नळी खाली उतरवून उघडली. डाव्या बाजूची स्प्रिंग जुन्या स्कूटरची, उजव्या बाजूची कुठल्यातरी दाराची. नळी कायम केसभर उजवीकडे ओढलेली. मी विमान याच नळीवर तपासत होते, याच नळीवर ते सरळ करत होते, म्हणजे इतके महिने मी माझ्या हाताने ते थोडं थोडं डावीकडे वाकवत आणलं होतं. मिलिमीटरसाठी कॉन्ट्रॅक्टरांशी हुज्जत घालणारी मी!

तुमचा आनंद गगनात मावेना. "आला नं शेवटी माझा बाईस! तू दरवाजातून हाकलला, तो खिडकीतून आला."

"बाबा, खरं सांगा, मुद्दाम केलं का?"

"मले काय मालूम? दोन जागेहून दोन स्प्रिंगा आणल्या." आणि चेहरा असा केलात की त्यावरून पोलिसालाही काही कळलं नसतं. ते मुद्दाम होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. मला वाटतं, तुम्हाला ते कुणाला कळू द्यायचंच नव्हतं.

मी दोन्ही बाजूंना एका मापाच्या स्प्रिंगा लावल्या. विमान सरळ केलं, अगदी पुस्तकातल्यासारखं. तुम्ही ते उडवून पाहिलंत, मान डोलावलीत. "चांगलं झालं. आता कोणाचंही झालं." रागावला नव्हता तुम्ही, राग मला ओळखू आला असता. मी म्हटलं, तिवारी साहेबांना बोलवू या, तेच ठरवतील. तुम्ही म्हणालात, "पुरं झाल्याबगर साहेबाले नाही दाखवाचं." मी म्हटलं, झालंय की पुरं. तुम्ही म्हणालात, "तुझं झालं. माझं नाही." आणि गच्चीवर. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

मग ती फाइल मी तशीच ठेवली. जगाला द्यायची तयारी झाली होती, एक बटण दाबायचं बाकी होतं. हात जाईना. सरळ दिलं तर तुमच्या पाठीमागे भांडण जिंकल्यासारखं होणार होतं. वाकडं दिलं तर, तुम्ही गेलात म्हणून मी रडवेली होऊन चुकीचं काम केलं, असं झालं असतं. तुम्हाला दयेने जिंकवलेलं तुम्हीही खपवून घेतलं नसतं. आईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "मले नको विचारू वं बाई, मी तं तुम्हा दोघांच्या मधात कधी पडली नाही."

परवा तिवारी साहेब आले. सिव्हिल लाइन्सकडून ऑटोने, काठी टेकत, एकटेच. आता ऐंशीच्या पुढे असतील. तुमच्या फोटोसमोर ताठ उभे राहिले, मग बसले. आईंशी बोलले, चहा घेतला. निघता निघता आईच म्हणाल्या, "साहेब, यांचं विमान आतल्या खोलीत आहे. पाहून तं घ्या."

मी त्यांना काही सांगितलं नाही बाबा. शपथेवर सांगते, आपल्या भांडणाचा एक शब्द काढला नाही. पडद्यावर विमान बाहेरून चारही बाजूंनी फिरवून दाखवलं. शेपटीवरचा नंबर आला तेव्हा त्यांनी हात वर केला, म्हणजे थांबव. "बाईस," ते म्हणाले. मग डायनिंगच्या खुर्चीवर बसले, ती नळी गुडघ्यांमध्ये घेतली. विमान धावपट्टीवरून वेगाने निघालं, उचललं गेलं, आणि उचलल्याबरोबर उजवीकडे कललं.

साहेबांनी ते झटकन सावरलं. "ये क्या? बेटा, टेल पे बाईस ही लिखा है ना?"

"हो साहेब."

"तो ये राइट क्यूँ जा रहा है?"

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. हात थोडा उजवीकडे होता. जमीन सोडायच्या आधीपासूनच होता. त्यांनी नंबर वाचला आणि हात आपल्या जागी गेला, इतक्या वर्षांनी, या डायनिंगच्या खुर्चीवर. साहेब स्वतःशीच हसले. "बाईस में बैठते थे तो ऐसेच पकड़ना पड़ता था," ते म्हणाले. "मैंने एक बार भोयर को बोला भी, अब छोड़ दे यार, मत कर सीधा. आँख बंद करके भी समझ में आ जाता है कि मैं किसमें बैठा हूँ. पर वो माना नहीं. हर बार खोल के बैठ जाता था."

हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. आयुष्यभर तुम्ही ते सरळ करायला धडपडलात, आणि माझ्याशी मात्र ते वाकडं राहावं म्हणून भांडलात.

मी साहेबांना विचारलं, आता काय करू? ते म्हणाले, "सीधा नॅट बनाना है तो बना दो, अच्छा है. फिर नंबर मिटा दो. लेकिन नंबर रखना है, तो ये बाईस नहीं है."

बाबा, हेच तर तुम्ही म्हणत होता. फक्त तुम्ही ते ओरडून म्हणत होता, म्हणून मला ऐकू आलं नाही. मी शेपटीवर एका खऱ्या विमानाचा नंबर रंगवला, रंगाची छटासुद्धा मापून घेतली, आणि त्याचा स्वभाव तेवढा पुस्तकातून उचलला. माझ्याच फूटपट्टीने मोजलं तर चूक माझी होती. तुम्ही दयेने नाही जिंकलात, मापाने जिंकलात. हे ऐकायला तुम्ही हवे होता, आणि मग पुढचे सहा महिने तुम्ही मला जगू दिलं नसतं.

साहेब तासभर थांबले. मी डाव्या पंखाच्या झुकण्याचा आकडा थोडा थोडा सरकवत होते, ते उडवून बघत होते. "थोड़ा और... नहीं, ज़्यादा हो गया... हां. बस. यही है." आई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. साहेबांनी विमान छान उतरवलं, टोपी काढल्यासारखा हात डोक्याकडे नेला आणि मग तो हात तसाच डोळ्यांवर धरला. आई म्हणाल्या, "साहेब, जेवूनच जा." ते जेवून गेले.

काल सकाळी मी बटण दाबलं. बाईस सगळ्यांना दिलं, डाव्या पंखासकट. दुपारपर्यंत पुण्याच्या माणसाचा निरोप हजर: ताई, जुना दोष परत आला आहे. मी लिहिलं, दोष नाही, हे विमान असंच होतं. उडताना हात थोडा उजवीकडे ठेवा. त्याने विचारलं, याला पुरावा काय?

मी लिहिलं, हे विमान माझे वडील सांभाळायचे.

सासरे असं लिहायला हवं होतं. लिहून झाल्यावर लक्षात आलं, दुरुस्त करता आलं असतं. नाही केलं. तेवढी एक चूक राहू दे, बाबा.